डब्याच्या पत्र्यावरचे दोन ठोके

सांगू का नको — तोंडाशी येते अन् मी गिळून टाकते. माह्या सख्ख्या बहिणीलेही नाई सांगितलं. देवापुढे हात जोडते, तवाही हे एवढं सोडून बाकीचं बोलते. तुले सांगून राह्यली, कारण तू आमच्या घरी कधी येणार नाई, अन् आमच्या मालकाच्या तोंडाकडे पाहून तुले चूप बसावं लागणार नाई.

आमच्या यायनं जन्मभर एसटी चालवली. रिटायर झाले अन् घरात करमेना. बाकीचे लोक पारावर जाऊन बसतात. यायनं काय करावं? एका वेल्डिंगवाल्याकडून जुन्या दोन चाकांवर पत्र्याची खोली बनवून घेतली. आत दोन बाका, शेगडी, पाण्याची टाकी, एक खिडकी. जुन्या जीपच्या मागं जोडायची अन् जंगलात कुठंतरी जाऊन मुक्काम करायचा. आम्ही तिले डबाच म्हणायचो. उमरखेडात आमची गल्ली हसली. मीही हसली. पण पहिल्या मुक्कामाले सकाळी डब्याच्या दारात बसून यायनं मले चहा करून देला, तवा — खोटं कायले बोलू — लय बरं वाटलं.

मंग शक कवा शिरला?

आता पाह्य. इसापूरचं धरण आमच्या घराजवळ हाये. पाणीच पाहाचं तर तिथं पाहा. पण यायले दरवेळी झरी जामणीकडचंच जंगल लागे. एवढ्या दूर काहून? विचारलं तर म्हणत, "तिकडे शांतता हाये." जन्मभर हॉर्न वाजवणाऱ्या माणसाले शांतता कवापासून लागाले लागली? फोन आला का अंगणात जात. ठेवताना फोन उलटा ठेवत. मुक्कामावर सकाळी "चक्कर मारून येतो" म्हणून निघत, ते ऊन चढल्यावरच परत येत. मी शर्ट हुंगून पाह्यले. हो, पाह्यले. खिसे तपासले. एकदा खिशातून चॉकलेटचा चुरगळलेला कागद निघाला. साखरेच्या बिमारीची गोळी खाणारा माणूस चॉकलेट कोणासाठी घेते? मले वाटलं, बाई हाये. अन् तिचं लेकरूही हाये.

मी निस्ती पाहत राह्यली. यायच्या हसण्यावर पाळत, जेवणावर पाळत, झोपेत कूस बदलली तर त्याच्यावरही पाळत. अशानं माणूस कसा होते, तुले माहीत हाये का? समोरचा खरं बोलला तरी आपल्याले त्यात काहीतरी लपवलेलं दिसते.

त्या दिवशी वाटेत टायर पंक्चर झाला अन् मुक्कामाच्या जागी पोचता पोचता अंधार पडला. तिथं मुक्कामाले आलेल्या बाकी लोकायचे तंबू आधीच लागलेले. डबा मागं घेऊन दोन तंबूंच्या मधात, मोहाच्या झाडाअलीकडे लावाचा होता. अन् डबा मागं घेणं सोपं नसते — जीपचं स्टेअरिंग एकीकडे फिरवलं का डबा दुसरीकडेच जाते. आरशात नुसता काळोख.

यायची एसटीतली रीत ठरलेली होती. मागं उभं राहणाऱ्यानं पत्र्यावर हातानं ठोकायचं. दोन ठोके म्हंजे येऊ द्या. एक ठोका म्हंजे जागच्या जागी थांबा. कंडक्टरच्या घंटीसारखंच. "मी आरशावर नाई, ठोक्यावर गाडी चालवतो," असं हे म्हणत. डब्याच्या मागं दरवेळी मीच उभी राहायची. यायचा माह्या हातावर तेवढा भरोसा होता.

माह्या फोनची बॅटरी उतरलेली. यायनं टॉर्च लावून आपला फोन खिडकीतून माह्या हातात देला. "बराबर पाह्य. मोहाच्या मागं लोकं झोपले हायेत."

ज्या फोनले मले बोट लावू देत नव्हते, तो फोन. माह्या हातात. आपसूक.

मी ठोकाले लागली. दोन. दोन. डबा हळूहळू मागं येऊन राह्यला होता. टॉर्च झाडाकडे धराचा — मी कुठं धरला? छातीशी. स्क्रीन माह्याकडे. अन् तेवढ्यात मेसेज आला.

"बाबा, सकाळी नाल्याजवळ येतो आम्ही. चिऊ तुमची वाट पाहून राह्यली. आईले कळू देऊ नका."

निशाचा. आमच्या पोरीचा.

तिनं आपल्या मनानं लग्न केलं, जातीबाहेर, राजूरच्या खदानीत कामाले जाणाऱ्या पोराशी. तवा मी उंबरठ्यात उभी राहून बोलली होती — तू मले मेली, मी तुले मेली. अन् यायले माह्या गळ्याची शपथ घालून बसली होती, का तिचं तोंड पाहाचं नाई. राजूर अन् ते जंगल, दूर कितीसं हाये?

बाई असती तर परवडलं असतं. तिले मी शिव्या देल्या असत्या, चार लोकांत रडली असती. पण ही माहीच पोरगी, माह्याच नातीले घेऊन, माह्यापासून लपून. मी मेसेज वर वर सरकवत गेली. फोटो होते. यायच्या मांडीवर एक लेकरू, तोंडभर चॉकलेट. अन् हे हसून राह्यलते. तसं हसू माह्या घरात मी कवा पाह्यलं होतं? मले जळफळाट झाला. अन् हात? हात ठोकतच होता. दोन. दोन.

मले झाड दिसलं का? — आठवताना दरवेळी मी इथंच येऊन थांबते. दिसलं. शेवटी शेवटी, पण दिसलं. एक ठोका माराले वेळ होता.

मी पुन्हा दोन ठोकले.

पत्रा कचकन आत गेला, खिडकी फुटली. मोहाच्या पलीकडे चटईवर कोणाचं तरी लेकरू झोपलेलं. काचा त्याच्या उशाशी पडल्या. त्याले काही झालं नाई. मोह होता म्हणून नाई झालं. त्याची माय त्याले उचलून रडाले लागली. हे धावत आले, आधी लेकराले पाह्यलं, मंग डब्याले, मंग मले. "तू एक ठोकलं होतं का?"

सगळे लोक पाहून राह्यले होते. मी म्हटलं, "ठोकलं. ओरडली पण. तुम्हाले ऐकूच नाई आलं."

यायनं मान हलवली. भांडले नाई. माह्या खोट्यावर त्यायनं तिथंच विश्वास ठेवला, आपल्या कानावर नाई.

मेसेज मी मिटवून टाकला. सकाळी, उजाडत होतं तवाच म्हटलं, चला घरी. हे लहान लेकरासारखे चूपचाप निघाले. जीप एवढी हळू चालवली का सायकलवाला पुढे जावा. वाटेत समोरून मोटरसायकल आली. मागच्या सीटवर निशा, मधात लेकरू. डबा ओळखून तिनं हात वर केला. यायची नजर रस्त्यावरच खिळलेली, यायनं पाह्यलं नाई. मी पाह्यलं. गाडी बाजूनं निघून गेली, मंग मागून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"कोण वाजवून राह्यलं?" हे म्हणाले.

"ऐकू येते का तुम्हाले?" मी म्हटलं.

हे जीप तशीच चालवत राह्यले. थांबले नाई.

डबा विकला. जीप ताडपत्रीखाली उभी हाये. लोक विचारतात तर हे सांगतात, कान गेले, आता गाडी नाई चालवत, कोणाचं लेकरू मारून बसीन. अन् इकडे खुर्चीवर बसल्या बसल्या, मोडावरून वळणारी बस नुसत्या आवाजावर ओळखतात. स्वयंपाकघरात दूध वर येते ते मले आधी यायच्याकडून कळते. हे मी रोज पाहते. तरी सांगत नाई.

अन् फोन? आता फोन घेऊन हे अंगणात जात नाई. माह्यापुढे धरतात. "तूच घे. मले काय ऐकू येते." कधी पलीकडे निशा असते. माहा आवाज ऐकला का चूप होते. मी ठेवून देते. तवा हे माह्याकडे पाहत राहतात, जरा जास्तच वेळ. यायले माहीत हाये का? हे मले पारखून राह्यले का? आता पाळत कोण कोणावर ठेवून राह्यलं, मले समजत नाई.

काल फोन वाजला तवा मी पोळ्या करून राह्यली होती. हे खुर्चीवरून उठले, फोन उचलून चुलीजवळ आले अन् माह्या पिठाच्या हातात देला. पलीकडून लेकराचा आवाज आला, "आबा?" मी बटन दाबून फोन कापला.

"कोण होतं?"

"राँग नंबर."

"आबा म्हणून राह्यलं होतं ना कोणी?"

"भास झाला तुम्हाले."

"हो," हे म्हणाले. "झाला असंल." अन् खुर्चीवर जाऊन बसले.