आबा आणि योरमन

आबांना कुणाशी तरी भांडल्याशिवाय जेवण गोड लागत नसे. माणूस हाताशी नसला तर ते टीव्हीशी भांडत, भाजीतल्या मिठाशी भांडत, आणि तेही नसलं तर मी होतेच. आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर कोल्हापुरात ट्रक चालवले. सासूबाई गेल्यावर थोडे दिवस म्हणून आमच्याकडे आयर्लंडमध्ये, ॲथलोनला आले आणि पाठोपाठ विमानंच बंद झाली. ते २०२० साल होतं.

अमोल, माझा नवरा, हॉस्पिटलात डॉक्टर. घरी असला की झोपलेला असे. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करायची आणि आबा सोफ्यावरून माझ्यावर लक्ष ठेवायचे. "ह्येला काम म्हनत्यात? दिसभर त्या डब्याला इचारायचं, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का!" मीही गप्प बसणाऱ्यातली नव्हते. "आबा, या डब्यावरच घर चालतं," म्हणायची. मग संध्याकाळपर्यंत अबोला. चहाचा कप मी त्यांच्यासमोर जरा जोरातच आपटायची.

ताजे सामने बंद होते, म्हणून जुन्या शर्यती बघायचं वेड त्यांना लागलं. त्यात एक सापडली, अमेरिकेतल्या डेटोनाची. रस्त्यावरच्या साध्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्या गोल ट्रॅकवर सुसाट पळतात. शेवटचा फेरा. पुढचा वाट देत नाही, मागचा आतल्या बाजूने घुसतो, गवतात उतरतो, परत वर येऊन त्याला भिडतो. दोघंही भिंतीवर आदळतात. बराच मागे राहिलेला तिसराच शर्यत जिंकतो, आणि इकडे हे दोघे गवतात उतरून हाणामारी करतात. पुढच्याचा भाऊसुद्धा आपली गाडी थांबवून त्यात पडतो. आबांना जिंकणाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मारामारी आली की ते उठून उभे राहत आणि आवाज वाढवत.

एका दुपारी शेजारचा म्हातारा आमच्या उघड्या खिडकीबाहेर, अंतर राखून, येऊन उभा राहिला. आवाज कमी करा, नाहीतर पोलिसांना बोलावतो, म्हणाला. बोलता बोलता त्याची नजर टीव्हीवर गेली आणि तो थबकला. तरुणपणी तो स्वतः इथल्या मातीच्या ट्रॅकवर असल्याच गाड्या पळवायचा, हे मला तेव्हा कळलं. टक्कर झाली तसा तो ओरडला, "चूक पुढच्याची! वाट अडवली त्याने!"

आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेतलं कळे. "काय म्हनतोय त्यो?"

मी सांगितलं.

"सांग तेला, म्होरं हाय त्यो रस्त्याचा मालक. मागच्यानं गप मागं ऱ्हावं. आनि असल्या अकलेनं गाडी चालीवली असंल तर ह्यो जित्ता कसा ऱ्हायला, त्ये बी इचार."

मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. खोटं कशाला सांगू, मजा आली. इतके दिवस मला ऐकावं लागणारं दुसऱ्या कुणालातरी पोचवत होते. म्हातारा लाल झाला. तुझा सासरा गाढव आहे, म्हणाला. तेही मी इमानेइतबारे पोचवलं.

इथे कुठल्याही माणसाबद्दल बोलताना 'युअर मॅन' म्हणतात. आबांना ते त्याचं नावच वाटलं. "योरमन आला न्हाई व्हय अजून?" असं दुपारी चारदा विचारायचे. तो आला की कुंपणाच्या अल्याड-पल्याड दोघं आणि मधे मी. एकदा माझी मीटिंग चालू होती, तर आबांनी सरळ लॅपटॉप मिटला. "तुजं काम ऱ्हाऊ दे, ह्येला आदी उत्तर दे." त्या दिवशी मी त्यांना खूप बोलले. त्यांनीही मला बोलायचं बाकी ठेवलं नाही.

हिवाळ्यात योरमन घरात पडला. त्याच्या मुलीने त्याला वृद्धाश्रमात ठेवलं. आत कुणाला सोडत नव्हते, बंद काचेबाहेरूनच भेटायचं. आबांनी हट्टच धरला, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. काचेतून काही ऐकू जाईना. आबांनी दोन तळहातांच्या दोन गाड्या केल्या. एक पुढे, दुसरी मागून येऊन धडकली. मग मागच्या हाताकडे बोट दाखवलं, चूक ह्याची.

खुर्चीतला योरमन बघत राहिला. मग त्याने शांतपणे मान डोलावली. हो.

आबांनी काचेवर थाप मारली. "हो काय म्हनतोस! भांड की!" नर्स धावत आली. मी हात जोडले आणि आबांना गाडीत बसवलं. घरी आलो. दारात म्हणाले, "तेनं मान डोलवली, पोरी. त्यो जातोय आता."

आणि तो गेलाच. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, म्हणून शववाहिका आमच्या रस्त्यावरून हळूहळू नेली. सगळे आपापल्या दारात उभे होते. आबा इस्त्रीची टोपी घालून फाटकाशी. मागच्या गाडीतल्या त्याच्या मुलीने आम्हाला बघून काच खाली केली.

"शेवटी बाबांना काही आठवत नव्हतं," ती म्हणाली. "मलाही ओळखत नव्हते. खिडकीत आलेला तो माणूस कोण, एवढंच विचारत राहिले. तुम्ही आलात, फार बरं वाटलं."

गाडी पुढे गेली. आबांनी माझा दंड धरला. "काय म्हनली?"

त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. आजवर मी त्यांना एक शिवीसुद्धा सौम्य करून सांगितली नव्हती.

"म्हणाली, त्या दिवशी नर्सने सांगितलं म्हणून बाबांनी मान डोलावली. तुम्ही गेल्यावर म्हणाले, त्या गाढवाला अजून कळलेलं नाही, चूक पुढच्याचीच."

आबा दूर गेलेल्या गाड्यांकडे बघत राहिले. हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली.

"बघ," ते म्हणाले, "हटला न्हाई बेनं." आणि टोपी सारखी करून माझ्या आधी घरात गेले.