आधी बोंजूर, मग काम

आमच्या सिडकोत गॅसची टाकी आणणारा माणूससुद्धा बोंजूरबाईंच्या दारात आधी "बोंजूर, मादाम" म्हणायचा, मग टाकी आत न्यायचा. न म्हणून सांगतो कुणाला! बाई दारच अडवायच्या. "आधी बोंजूर, मग काम. तिकडं फ्रान्सात बोंजूर, म्हणजे नमस्कार, न म्हणता भाव विचारला की दुकानदार तोंड फिरवतो."

बाई वेरूळला फ्रेंच पर्यटकांना लेणी दाखवायच्या आणि संध्याकाळी आमच्यासारख्या नवशिक्यांना घरी फ्रेंच शिकवायच्या. 'बों' म्हणताना शेवटाला ओठ मिटले की चिडायच्या, "म् काढू नकोस, नाकातच राहू दे त्याला!" माझं घोडं मात्र घशातून काढायच्या 'र'वर अडलं. गुळण्या करून घसा बसला. शेवटी बाई म्हणाल्या, "तू इथलाच ना रे? मग 'ग़रीब' म्हण. गरीब नाय बाबा, ग़रीब! शहागंजात उर्दूत म्हणतात तसं. हां, तोच त्यांचा र." झटक्यात जमला. त्या दिवशी घरी जाईपर्यंत मी स्कूटरवर फ्रेंचमधलं धन्यवाद, "मेर्सी, मेर्सी" करत होतो.

मग बाईंना पक्षाघात झाला. मराठी पार पुसली गेली, फ्रेंच तेवढी उरली. असं होतं कधीकधी, म्हणे. मुलगा सुनील त्यांना बजाजनगरला घेऊन गेला. त्याला फ्रेंचचा गंधही नव्हता. शेजारणी कौतुकानं ऐकायला यायच्या, "आजी लई गोड बोलतात, बाई!" एक दिवस सुनीलचा फोन आला, "दादा, आई दिवसभर एकच म्हणते. काय पाहिजे तेच कळंना. पाणी दिलं, उशी बदलली, पंखा लावला. येऊन जा ना."

मी गेलो. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. तोंड वाकडं झालेलं, पण शेवटचा र स्वच्छ घशातून आला. "झे पर."

"काय म्हणती?"

"भीती वाटते म्हणतायत."

सुनील आईजवळ सरकला. मी त्याला तिथंच एक वाक्य शिकवलं : 'झ स्वी ला', मी इथं आहे. त्याचा उच्चार भयंकर होता. बाई ऐकत राहिल्या आणि माझं मनगट सोडून त्यांनी त्याचा हात धरला. श्रावणात त्या गेल्या, तोवर तो तेच म्हणत बसायचा. भीती गेली होती का, देव जाणे. मला नाही वाटत.

आता नवशिक्यांना मी शिकवतो. पहिल्याच दिवशी 'झे पर' सांगतो. मुलं हसतात, "सर, हॉटेलातल्या नोकरीत हे कशाला लागतंय?" मी म्हणतो, म्हणा. सगळा वर्ग मजेत ओरडतो, "झे पर!" त्या गोंधळात एक आवाज बाईंचा असतो. शप्पथ सांगतो, असतो.