पाचवा पुंकेसर

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ‘परतबघू’ म्हणायचे. तीस वर्षं तिने सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी मोजल्या, आणि प्रत्येक काचपट्टी बाजूला ठेवण्याआधी “थांबा, परत बघू,” म्हटलं. मग पेशी मोजणारं यंत्र आलं. मिनिटभरात आकडे छापून मोकळं. तिच्या वाट्याला उरला नुसता रिकामा वेळ, आणि तो तिला मानवेना. गॅस बंद केला का, कुलूप नीट लागलं का, असलं काहीतरी सतत डोकं कुरतडायचं.

खिडकीबाहेर पाइपाच्या फटीत एक रानरोप उगवलं होतं. एकदा तिने त्याची फांदी भिंगाखाली धरली आणि पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढली. पानाच्या कडेची लव काढता काढता दोन तास गेले. त्या दोन तासांत गॅस एकदाही आठवला नाही.

मग ती वनस्पती उद्यानातल्या रविवारच्या चित्रवर्गाला जाऊ लागली. वर्षभराने उद्यानाचं पुस्तक निघायचं ठरलं, तेव्हा वर्गाच्या सरांनी एका झुडपाचं चित्र तिच्यावर सोपवलं. त्याची जांभळट फुलं सकाळी उमलून दुपारी गळायची. तिने लगबगीने चित्र पुरं केलं. पाकळ्या पाच, पुंकेसर पाच. सर खूश झाले.

घरी आल्यावर हात धुता धुता तिला आठवलं. पुंकेसर तिने मोजले होते चारच! एखादा गळाला असेल असं धरून पाचवा मनाने काढला होता.

“एक कमी, एक जास्त. कोण मोजायला बसलंय?” ताई म्हणाली. दोघी बहिणी एकत्र राहायच्या.

“मीच की गं. न मोजलेलं मी आजवर कधी लिहिलं नाही.”

“मग सांग त्यांना. मनाला लावून किती घेशील?”

पण काय सांगणार? खरे किती, हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामाआधी ती उद्यानात धावली. बहर संपला होता. झुडपावर एकच कळी शिल्लक होती, तीही घट्ट मिटलेली. चित्रं शुक्रवारी छापखान्यात जायची होती.

मंगळवारी कळी तशीच. बुधवारी तशीच. माळीकाका म्हणाले, “बाई, अशा रोखून बघू नका, लाजेल ती.” तिला हसू आलं नाही. प्रयोगशाळेत तिने एका नमुन्यावर दुसऱ्याच रुग्णाचा क्रमांक चिकटवला आणि वेळीच लक्षात आल्यावर त्या दिवसाचे सगळे क्रमांक परत तपासले. गुरुवारी कळीचं टोक जरा सैल दिसलं. वाऱ्याने पडू नये म्हणून काकांनी फांदीला काडीचा टेकू दिला.

शुक्रवारी सकाळी फूल उमललं. तिने श्वास रोखून भिंग धरलं. चार. पुन्हा मोजले. चारच. गळाल्याची खूणसुद्धा नव्हती.

ती तशीच सरांच्या खोलीत गेली. चित्रं बांधून तयार होती.

“सर, माझं चुकलंय. एक पुंकेसर मी मनानेच काढलाय.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.”

“मला कळलंय ना.”

त्यांनी गाठ सोडली आणि ब्लेड पुढे केलं. तिने आधी पाचव्या पुंकेसरावर भिंग धरलं. मग तिने रंग कणाकणाने खरवडला. कागदाला बारीक लव सुटली. ती नखाने घासून बसवली आणि वरून पाकळीचा फिका रंग दिला. तेवढ्यात छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा राहिला.

पुस्तक आलं तेव्हा ताईने ते पान सगळ्या शेजाऱ्यांना दाखवलं. ती खरवडलेली जागा कुणालाच ओळखता आली नाही. तिला मात्र पान उघडताच तीच आधी दिसते. सरांनी पुढच्या कामाला तिला कापसासारखे भरगच्च पुंकेसर असलेलं एक फूल दिलंय. दोन दिवस झाले, ती धास्तावलेली आहे आणि आज सकाळपासून मोजतेय.