ध्रुवीय प्रकाश आणि मुलाची परवानगी

टूर लीडरने माझ्या मुलाला फोन केला होता, हे मला हॉटेलच्या जेवणघरात कळलं. मी नॉर्वेत, मुलगा इकडे घरी, कर्जतजवळच्या भिसेगावात. बाहेर बर्फाचं वादळ होतं, वारा काचांवर धडका देत होता, आणि पंचविशीतला तो टूर लीडर माझ्या ताटासमोर उभा राहून हसत हसत सांगत होता, “काकू, तुमच्या चिरंजीवांशी बोललोय मी. ते म्हणाले, आईला नेऊ नका. तुम्ही इथंच मस्त आराम करा.”

हे आठवलं की अजून माझे कान तापतात.

मी खालापूर तालुक्यात आरोग्यसेविका होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले; नॉर्वेला गेले तेव्हा साठ पूर्ण झाली होती. माझं माहेर लोधिवलीचं. शाळेला शेजारच्या चौक गावी चालत जायचो. भूगोलाच्या पुस्तकात एक ओळ होती, की ध्रुवाकडच्या प्रदेशात हिवाळ्यात आकाशात रंगीत प्रकाश दिसतो. एवढंच. चित्रसुद्धा नव्हतं. मी उभी राहून विचारलं, “सर, तो प्रकाश येतो कुठून?” सर म्हणाले, “ते परीक्षेला नाही. खाली बस.” मी बसले, पण ती ओळ काही डोक्यातून गेली नाही. नोकरी, लग्न, मुलगा, नवऱ्याचं आजारपण, त्याचं जाणं, या सगळ्यात ती कुठंतरी पडून राहिली. निवृत्त झाल्यावर हातात थोडे पैसे आले तेव्हा मी ठरवलं, आता तो प्रकाश बघायचा.

बरोबर माझी मैत्रीण आली. कर्जतच्या बाजारात तिचं कापडाचं दुकान आहे. नवरा गेल्यावर दिरांनी दुकान विकायला सांगितलं होतं, तिने विकलं नाही, एकटीने चालवलं. मुलगी लग्न होऊन पनवेलला. आमची ओळख तिच्या बाळंतपणापासूनची. ती मला अजूनही ‘सिस्टर’च म्हणते. मी विचारलं तेव्हा तिने मापाची पट्टीसुद्धा खाली ठेवली नाही. “कधी निघायचं?” म्हणाली.

बाकी सगळ्यांनी विचारलं, बरोबर कोण आहे? मुलाने, सुनेने, शेजारच्यांनी, बँकेतल्या माणसाने. दोघी बायका जातोय म्हटलं की पुन्हा, “हो, पण बरोबर कोण?” मी शेवटी चिडून सांगायला लागले, “पासपोर्ट आहे बरोबर.” एक बाई मात्र वेगळं बोलली. डोंगरावरच्या वाडीतली ठाकरीण, हिवाळ्यात पावट्याच्या शेंगा घेऊन दारावर येते. तिची तिन्ही बाळंतपणं माझ्या हातून झालेली. ती पायरीवर बसून म्हणाली, “तितं काय हाय गं बाय, बगायला?” मी सांगितलं तसं तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मंग बगून ये. आमाला सांग.”

आमच्या गटात सोळा जण होते. मुंबई-पुण्याचेच बहुतेक. दोन नवी जोडपी, एक कॉलेजच्या मैत्रिणींचा घोळका, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि हृदयात स्टेंट घातलेला होता. हे ते स्वतःच पहिल्या दिवशी विमानतळावर सगळ्यांना अभिमानाने सांगत होते.

प्रकाश बघायला तीन रात्री राखून ठेवल्या होत्या. पहिल्या रात्री ढग आणि बर्फ, म्हणून बाहेर पडलोच नाही. दुसऱ्या रात्री वारा एवढा की हॉटेलच्या दारातला पुठ्ठ्याचा फलक रस्त्यापलीकडे जाऊन पडला. टूर लीडरने दोन्ही रात्री अंताक्षरी ठेवली. मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, “अंताक्षरी तर आपण घराजवळ पळसदरीच्या धरणावरपण खेळलो असतो.” तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटची रात्र.

संध्याकाळी आमची बस चालवणारी बाई आत आली. तिथलीच होती. पांढऱ्या केसांची जाड वेणी, पासष्टीच्या पुढचीच असणार. अंगावरचा बर्फ झटकत तिने नकाशा टेबलावर पसरला आणि सावकाश, मलाही कळेल अशा इंग्रजीत सांगितलं: किनाऱ्यावर आज काही दिसणार नाही. पण आत, फिनलंडच्या सीमेकडे, डोंगरापलीकडे ढगांत फट पडणार आहे. रस्ता वाईट आहे, तीन तास लागतील, दिसेलच असं नाही. यायचं असेल त्यांनी एका तासात तयार व्हा.

सगळे ओरडले, येणार, येणार. मी ताट सोडून माझे गरम कपडे आणायला उठणार तेवढ्यात टूर लीडर समोर आला, ते चिरंजीवांचं सांगत.

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, “तुम्ही माझ्या मुलाला फोन का केला?”

“काकू, आज लांब जायचं हे मला दुपारीच कळलं होतं, आणि हवामान बघा ना. सीनिअर लेडीज आहेत म्हटल्यावर फॅमिलीला विचारावं लागतं. आपली जबाबदारी असते.”

“आणि हिच्या घरी?” मी मैत्रिणीकडे बोट केलं.

तो जरा घुटमळला. “त्यांच्या मुलीशी बोललो. ती म्हणाली, मला कशाला विचारता, आईला विचारा. तर त्यांना यायचं असेल तर त्या येऊ शकतात. तुमचं मात्र चिरंजीव नाही म्हणाले.”

तेवढ्यात बँकेतले काका कानटोपी चढवत जवळून गेले. टूर लीडरने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “काका, रेडी ना? दोन मोजे घाला हं.”

मी म्हटलं, “यांच्या घरी फोन केला का?”

“त्यांच्या? नाही... त्यांचं काय...”

“त्यांना स्टेंट आहे. मला साधं ब्लडप्रेशरसुद्धा नाही.”

मैत्रीण उठून उभी राहिली. दुकानात गिऱ्हाईकाला कापड दाखवताना असतो तसाच तिचा आवाज, शांत. “बाळा, पैसे भरून घेताना तुम्ही हिच्या मुलाला फोन केला नव्हता. आणि ती बाई बाहेर बस चालवणार आहे, तिचे केस बघितलेस का? तिच्या मुलाला विचारलंस?”

मी खोलीत गेले आणि मुलाला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. त्याने लगेच उचलला.

“आई, अगं, तिथं वादळ आहे म्हणे.”

“आहे. बसमधून जाणार आहोत सगळे. तू कोण नाही म्हणणारा?”

“तसं नाही गं. काही झालं तर मी इथून काय करणार?”

“काही करू शकणार नाहीस. म्हणून तर मी तुला विचारलंच नव्हतं.”

“चिडू नकोस. तुझ्या काळजीनेच...”

मी फोन ठेवला. मला त्या वेळी काय आठवलं ते सांगते. तो चार वर्षांचा असताना भर पावसात, ओढ्याला कमरेएवढं पाणी असताना, लशींचा डबा डोक्यावर धरून मी वाडीवर गेले होते. एकदा नाही, कितीतरी वेळा. एकदा पाय घसरला, डबा वाचवला आणि गुडघा फोडून घेतला. तेव्हा माझ्या नवऱ्याला किंवा सासऱ्यांना कुणी फोन करून विचारलं नाही, की बाईंना पाठवू का, हवामान खराब आहे. घरीही कुणी म्हणालं नाही, जाऊ नकोस. तेव्हा माझं जाणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. आता मी माझ्या मनासाठी निघाले तर एकाएकी मी सांभाळायची वस्तू झाले.

खाली आले तर टूर लीडरने एक कागद पुढे केला. स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे, असं लिहून सही करायची. फक्त आम्हा दोघींनी. मी म्हटलं, सोळा जणांच्या सह्या घ्या, मग माझी घ्या. चालक बाईने कागदाकडे बघितलं, काय आहे ते त्याला विचारलं, आणि ऐकल्यावर त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने कागद घडी करून खिशात घातला. आम्ही बसमध्ये चढलो.

रस्ता खरंच वाईट होता. समोरच्या काचेवर बर्फ असा येत होता की बघणाऱ्याला गरगरावं. एका घाटापाशी रस्ता अडवणारं फाटक बंद होतं. बर्फ ढकलणारी गाडी येईपर्यंत थांबलो, मग तिच्या मागून सगळ्या गाड्या मुंगीच्या चालीने निघाल्या. मागे कुणीतरी ओकलं. मला एक सेकंद वाटलं, मुलाचं बरोबर होतं का? आणि असं वाटल्याचाही मला राग आला.

डोंगर उतरल्यावर वारा पडला. बाईने गाडी एका मोकळ्या जागी थांबवली आणि दिवे बंद केले. उतरलो. थंडी नाकात सुईसारखी शिरत होती. वर ढग फाटले होते, चांदण्या दिसत होत्या आणि एका बाजूला राखाडी धुरकट पट्टा होता. सगळ्यांनी मोबाइल वर केले. “ग्रीन! ग्रीन!” मी बघितलं तर हिरवं त्यांच्या पडद्यावर होतं. माझ्या डोळ्यांना तो चुलीच्या धुरासारखाच. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी? फोटोवाल्यांनी इतकी वर्षं फसवलं?

मग तो पट्टा हलला. आधी कडेने, मग सगळाच, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं वाऱ्याने फुगावं तसा. आणि खरंच हिरवा झाला. लावणीआधीच्या भाताच्या रोपांचा असतो तो हिरवा. खालच्या कडेला किंचित गुलाबी. आवाज काही नाही. एवढं मोठं काहीतरी हलतंय आणि आवाज नाही, याचंच मला जास्त नवल वाटलं. मैत्रीण हळूच ‘सुबहानल्लाह’ म्हणाली आणि तिने माझा हात धरला, हातमोज्यांसकट.

तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. झाला, पण नंतर. आधी मला संताप आला. हे वर चालू असताना मी हॉटेलात सूप पीत बसले असते. दोन पुरुषांनी फोनवर दोन मिनिटं बोलून तसं ठरवलंही होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या संतापाने, आणि पापण्यांवर ते गोठायला लागलं, म्हणून पुसलं.

फार तर सात-आठ मिनिटं. मग ढग आले आणि सगळं झाकलं.

मुंबईच्या विमानतळावर मुलगा गाडी घेऊन आला होता. खालापूरचा टोलनाका आला तोवर मी त्याच्याशी अवाक्षर बोलले नव्हते. घरी सुनेने कौतुकाने त्याचं स्टेटस दाखवलं. मैत्रिणीने काढून तिच्या मुलीला पाठवलेला फोटो फिरत फिरत त्याच्याकडे आला होता. खाली लिहिलं होतं, ‘आईचं स्वप्न पूर्ण केलं.’ नातेवाइकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली होती. मुलगा असावा तर असा, वगैरे. मी त्याला हाक मारून विचारलं, “कुणी पूर्ण केलं?” त्याने तिथल्या तिथं ते काढून टाकलं, पण तोवर सगळ्या गावाने बघितलं होतं. महिनाभर मला बाजारात लोक थांबवून मुलाचं कौतुक सांगत होते आणि मी प्रत्येकाला थांबवून खरं सांगत होते.

टूर कंपनीलाही मी फोन केला. एका गोड आवाजाच्या मुलीने सांगितलं, “मॅडम, सीनिअर लेडीजच्या बाबतीत आम्ही काळजीपोटी फॅमिलीशी बोलतोच.”

“आणि सीनिअर पुरुषांच्या बाबतीत?”

“मी नोट करून घेते, मॅडम.” दोन दिवसांनी पुढच्या सहलीवर सवलत देणारा मेसेज आला. माफीचा एक शब्द त्यात नव्हता.

मुलगा माझ्याशी नीट बोलला तो एका रविवारी. मला पळसदरीला घेऊन गेला. धरणाच्या भिंतीजवळ बसलो. बाजूला मुंबईच्या मंडळींनी टाकलेल्या थर्माकोलच्या ताटल्या उडत होत्या. तो म्हणाला, “आई, त्याने विचारलं म्हणून मी सांगितलं. मला खरंच भीती वाटली. बाबा गेल्यापासून मला तुझ्यासाठी भीतीच वाटते.”

“भीती वाटू दे. मलाही तुझ्यासाठी वाटायची, तू पहिल्यांदा मोटारसायकल घेतलीस तेव्हा. मी तुझ्या मित्रांना फोन करून सांगितलं का, त्याला चालवू देऊ नका म्हणून? कुणी विचारलं तर म्हणायचं, तिला विचारा. पनवेलच्या पोरीला सुचलं ते तुला का नाही सुचलं?”

“नाही सुचलं,” तो म्हणाला. सबब सांगितली नाही, ते मला बरं वाटलं.

मग त्याने विचारलं, “दिसतं कसं गं ते?”

परत येऊन दोन महिने झाले होते. त्याने हे पहिल्यांदाच विचारलं. मी सांगायला लागले. तो राखाडी पट्टा, तो हलला कसा, आवाज कसा नव्हता, बस चालवणारी बाई बॉनेटला टेकून आमच्यासारखीच वर बघत कशी उभी होती. मध्ये त्याचा फोन वाजला, तो त्याने उचलला नाही. माझा राग तेव्हा गेला नाही, अजूनही पुरता गेलेला नाही. पण सांगायचं ते सगळं मी सांगितलं, त्याने ऐकलं, आणि ऊन डोंगराआड जायला लागलं तसे आम्ही घरी निघालो.