ताडपत्रीचा हौद

"सोड तिला! हात काढ आधी!"

साहेबांच्या आई, म्हणजे आजी, ओट्यावरून ओरडल्या तेव्हा मी हौदात मांडीभर पाण्यात उभा होतो. माझ्या दोन्ही तळहातांवर साहेबांची मुलगी नंदा उताणी पडली होती. सात वर्षांची पोर. डोळे मिटलेले, कान पाण्यात, पोट वर. त्या दिवशी कामाला सुट्टी होती आणि मी तिला तरंगायला शिकवत होतो. तिला काही ऐकू आलं नाही. मला आलं.

हात काढले असते तर पोर पाण्याखाली गेली असती. नाकातोंडात पाणी गेलं असतं. मी हात काढले नाहीत. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात.

"बहिरा झालास का रे? सोड म्हणते ना! बाटवलीस पोर!"

मी नंदाला हळूच उभी केली. तिचे पाय तळाला टेकले तेव्हा हात बाजूला घेतले. ती डोळे चोळत हसली.

"काका, किती आकडे राहिले मी?"

"वीस," मी म्हणालो.

"बाहेर हो," आजी म्हणाल्या. "तिकडून नको. तुळशीवरून जाऊ नकोस. कुंपणाकडून जा."

मी कुंपणाकडून बाहेर आलो. अंगावरून पाणी गळत होतं. आजी त्या ओल्या पावलांकडे बघत होत्या. मीही बघत होतो. मान वर करायची हिंमत नव्हती.

सव्वा वर्ष ज्या क्षणाला मी भीत होतो तो असा आला. चैत्रातल्या दुपारी, अंगात फक्त ओली चड्डी असताना.

मी बीडकडचा. शाळा चौथीत सुटली. बाप गेला, मी दुसऱ्याच्या शेतात गेलो. लग्न झालं, दुष्काळ पडला, गावाकडच्या एका सुताराच्या मागं बोईसरला येऊन उतरलो. तेव्हा लेक बायकोच्या पोटात होती. इकडे समुद्राकाठी विजेच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. सिमेंट ओतायच्या आधी फळ्यांचे साचे ठोकावे लागतात, त्या कामावर मी लागलो. ठेकेदाराचे सुपरवायझर म्हणजे आमचे साहेब. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "नाव काय? गाव कुठलं?" मी सांगितलं. आडनावावरून काही कळत नव्हतं. ते लिहिता लिहिता म्हणाले, "मराठाच ना?"

मी म्हणालो, "होय."

एवढंच. शब्द त्यांचा, होय माझं. त्या होयखाली मी सव्वा वर्ष राहिलो.

साहेब वाईट नव्हते. हे मला लिहिलंच पाहिजे. मला हिवताप झाला तेव्हा त्यांनी स्वतः जीपमध्ये घालून पालघरच्या दवाखान्यात नेलं होतं. मी थरथरत होतो तर अंगावरचा कोट काढून माझ्यावर टाकला. जवळच्या घिवली गावात एका चिकूच्या वाडीवाल्याचं घर त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. मागच्या अंगणातली पत्र्याची खोली आम्हाला दिली. कामावरून आलो की मी पाणी भरायचं, लाकडं फोडायची. बायकोनं भांडी घासायची, घर सारवायचं. आम्हाला इकडे कोण होतं? मी त्या माणसाचे उपकार मानत होतो. जितके मानत होतो तितका भीत होतो.

भीती कशी असते सांगतो. साइटवर कुणी मराठवाड्याकडचं बोललं की मी दुसऱ्या टोकाला जायचो. पेटीच्या तळाशी बाबांचा फोटो होता, तो धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. बायको लेकीला झोपवताना आमची गाणी म्हणायची, तिला मी म्हणायचो, हळू. अजून हळू. शेवटी ती नुसते ओठ हलवायची. आजींनी एकदा विचारलं, "कुलदैवत कोणतं रे तुमचं?" गावात सगळ्यांबरोबर दीक्षा घेतली तेव्हा मी सगळे देव सोडले होते, हात वर करून, मोठ्यानं म्हणून. तरी मी म्हणालो, "खंडोबा."

मग तो उन्हाळा. समुद्र जवळ, पण वारा यायचा तोही भिजलेला आणि गरम. पत्र्याखाली दुपारी बसवत नव्हतं. लेक आठ महिन्यांची. तिच्या मानेवर, काखेत, जांघेत घामोळं उठलं होतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिकडे नंदाही दिवसभर किरकिर करायची. साहेब मला म्हणाले, "अरे, पोरांना डुंबायला काही करता येईल का? स्वस्तात बरं का. फार खर्च नको."

मी म्हणालो, "करतो साहेब."

परदेशातून यंत्रं यायची ती मोठमोठ्या खोक्यांतून. ती खोकी फोडली की फळ्या पडून असायच्या. साहेबांनी परवानगी काढून दिली. मी त्या फळ्या रंध्यानं तासल्या, चौकट केली, बाहेरून तिरके टेकू दिले. साच्यात सिमेंट ओततात तेव्हा फळी फुगते, तशी पाण्यानंही फुगते हे मला माहीत होतं. आत जुनी ताडपत्री बसवली, तिच्या शिवणींना डांबर लावलं. कोपऱ्यांत घड्या अशा घातल्या की पोरांच्या पायाला टोचू नयेत. वाडीतल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, प्यायला चालत नाही, त्यामुळे ते मुबलक. शे-दीडशे घागरींत हौद भरत आला. चार दिवस डुंबायचं, मग ते पाणी चिकूच्या आळ्यांना सोडायचं, पुन्हा भरायचं. वाडीवाल्या काकी कुंपणावरून बघून हसल्या. "आमच्या विहिरीचा समिंदर केलास रे!"

भरायच्या आधी आजींनी नारळ आणून माझ्या हातात दिला. "ज्यानं केलं त्यानं फोडायचा. पाण्याला हात जोड."

मी फोडला. हात जोडले. पत्र्याच्या दारात बायको लेकीला घेऊन उभी होती. ती पाठ फिरवून आत गेली. मग भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "हात दुखला न्हाई का?"

कुठं गळतंय का बघायला त्या पाण्यात पहिला मीच उतरलो. चारही कोपरे पायानं चाचपले. आजी ओट्यावरून म्हणाल्या, "शाबास रे!"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, माझ्या लेकीला बघितलं. "अगं आण ना तिला, भाजून निघालीय पोर." आणि स्वतः उचलून काठाशी पाण्यात बसवली. लेक दचकली, मग हातानं पाणी बडवायला लागली. चार दिवसांत घामोळं बसलं. त्या रात्री ती न रडता झोपली. मला वाटलं, एका खोट्यानं पोर सुखी होत असेल तर असू दे की खोटं. आयुष्यभर असू दे.

आमची जयंती आली. कामगारांच्या झोपड्यांत फोटो मांडणार, पंचशील म्हणणार, हे मला माहीत होतं. बायकोलाही कळलं. मी तिच्या हातापाया पडायचा बाकी होतो.

"जाऊ नको. कळलं तर काम जाईल. खोली जाईल. या उन्हात पोरीला कुठं नेशील?"

ती पेटीतून लुगडं काढत होती. पांढरं. दीक्षेच्या वेळचं. त्या दिवशी आमच्या बायका पांढरंच नेसतात.

"तुमी नका येऊ. म्या लेकीला घेऊन जाते. इतके दिस व्हट हलिवले, आज मोठ्यानं म्हननार."

सकाळी कुणी उठायच्या आत ती मागच्या वाटेनं गेली. मी दिवसभर एकच घोकत होतो, येताना मागूनच ये. पण दुपारी येईपर्यंत पोर उन्हानं लाल झाली होती. पुढची वाट जवळची, सावलीची. ती पुढूनच आली. अंगणातून सरळ, पांढरं लुगडं नेसून, लेकीला कडेवर घेऊन.

आजी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. कपाळाला कुंकू असलेली, नवरा जिवंत असलेली बाई पांढरं नेसून येते म्हणजे त्यांच्या लेखी एकच अर्थ. सूप तसंच टाकून त्या उठल्या.

"अगं बाई! काय झालं गं? तुझा नवरा तर तो बघ पाण्यात उभा आहे!"

बायको थांबली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं.

"वंगाळ काय न्हाई, आजी. जयंती हाय आज. आमच्या बाबांची."

आजींनी पाण्यातल्या नंदाकडे बघितलं. मग ओरडल्या ते मी वर लिहिलं आहे.

नंदाला नेऊन गोमूत्र घालून आंघोळ घातली. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. "काकांनी काय केलं? काय केलं काकांनी?" वहिनी दारापर्यंत आल्या, उंबऱ्याच्या आतच थांबल्या. माझी बायको रोज घासायची ती भांडी शुद्ध करून घ्यायला एकेक करून ओट्यावर आणून ठेवली आणि परत गेल्या.

मला हुकूम झाला, हौद रिकामा कर. झाडांना नाही घालायचं ते पाणी. कुंपणाबाहेर वाळूत ओत. बादलीनं.

मी अंगात सदरा घातला आणि ओतलं. ज्या घागरी मी भरल्या होत्या त्या सगळ्या मीच वाळूत ओतल्या. वाळू पाणी पिऊन लगेच कोरडी व्हायची. येणारे-जाणारे थांबून बघत होते. चिकूची झाडं सुकत होती आणि मी त्यांच्याशेजारून भरलेली बादली घेऊन जात होतो. का ओततोस असं कुणी विचारू नये एवढंच मनात होतं. डोळ्यांत पाणी येत नव्हतं. भीतीनं तेही आटलं होतं.

साहेब पाचच्या सुमाराला आले. आत गेले. आतलं बोलणं मला ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा रागावलेले दिसत नव्हते. माझ्याजवळ आले, पण नेहमीसारखे नाही. चार हात दूर उभे राहिले.

"मला फसवलंस तू," ते हळू आवाजात म्हणाले.

"चुकलं साहेब."

"काम घालवत नाही तुझं. खोलीही राहू दे. या दिवसांत पोरीला घेऊन कुठं जाशील? पण ओट्यावर यायचं नाही. विहिरीला हात लावायचा नाही, पाणी कुणीतरी वरून घालील. बायकोनं आईच्या पायांवर डोकं ठेवून सांगायचं की पुन्हा पांढरं नेसणार नाही. लांबून ठेवायचं डोकं. आणि हे बघ, गावात बोलायचं नाही. वाडीवाल्यांना कळलं तर ते मला घर सोडायला लावतील. बाहेर तू मराठाच."

मी मान हलवत होतो. खरं सांगतो, मी मान हलवत होतो. काम राहतंय, खोली राहतेय, पोर उन्हात पडत नाही. माझ्या तोंडून "उपकार झाले साहेब" एवढं निघालंसुद्धा.

तेवढ्यात काकी कुंपणाशी आल्या. "काय वो साहेब, येवढा पानी वालूत कशाला वतला? आमची झाडा मरतात हिकडं!"

साहेब पटकन हसले. "शेवाळ धरलं होतं काकी. वास मारायला लागला होता." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे? शेवाळ होतं ना?"

पहिल्या दिवशी विचारलं होतं, मराठाच ना. अगदी त्याच सुरात. होय म्हटलं की झालं.

पत्र्याच्या दारात माझी बायको उभी होती. लुगडं तिनं बदललं नव्हतं. लेक तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. मला तेव्हा एकच दिसलं. उद्या ही पोर बोलायला लागेल. तिला पहिली गोष्ट मी काय शिकवणार? तू कोण ते सांगू नको. ओठ हलव, आवाज काढू नको.

"शेवाळ नव्हतं, काकी," मी म्हणालो. आवाज चिरकला. पुन्हा म्हणालो. "शेवाळ नव्हतं. आम्ही बौद्ध. आधीचे महार. मी पाण्यात होतो म्हणून पाणी ओतलं."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या, मग साहेबांकडे. "अगो बाय," एवढंच म्हणाल्या आणि पदर सावरून कुंपणापासून मागे सरल्या. कुणापासून सरल्या, माझ्यापासून की साहेबांच्या खोट्यापासून, मला कळलं नाही. मला वाटतं माझ्यापासूनच.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "उपकाराची जाण नाही तुम्हा लोकांना. उद्यापासून साइटच्या गेटावर दिसू नकोस. नीघ. आत्ता नीघ इथून."

मी थरथरत होतो. हिवतापात थरथरलो होतो तसाच. पेटी डोक्यावर घेतली. बायकोनं लेकीला ओल्या फडक्यात गुंडाळलं. वहिनी खिडकीत होत्या, त्यांनी खिडकी लावून घेतली. नंदाचा आवाज मात्र आला, "काका, उद्या तीस करायचे ना?" कुणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवला असावा.

कुंभवलीकडे कारखान्यांची शेडं उभी राहत होती म्हणून तिकडे चालत सुटलो. पोरीला पुन्हा घामोळं उठलं. ती रडली, दिवसचे दिवस रडली, आणि तिला बसवायला माझ्याकडे घमेलंभर पाणी नव्हतं. हे कुणी गोड करून सांगू नये. दोन ठिकाणी मी नाव, गाव आणि जात एका दमात सांगितली. दोघांनी जा म्हणून सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी उत्तरेकडचा मुकादम होता. त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हथौड़ी अपनी है?" मी म्हणालो, आहे.

साहेबांनी पांघरलेला कोट मी विसरलो नाही. हिवतापात त्यांनी मला वाचवलं, आजही म्हणेन. पण त्या कोटाच्या बदल्यात माझ्या पोरीची जीभ मी देणार नव्हतो.

भीती माझी अजून गेलेली नाही. नवा माणूस नाव विचारतो तेव्हा हात आधी पेटीकडे जातो. तरी खोली मागायला गेलो की मी विचारायची वाट बघत नाही. पेटी खाली ठेवायच्या आधी सांगतो, आम्ही बौद्ध, आधीचे महार, ठेवायचं असेल तर ठेवा. दार लागतं. पुष्कळदा लागतं. लागू दे. मी पुढच्या दारावर जाईन आणि तिथंही हेच सांगेन, बायकोसमोर आणि लेकीसमोर, तिला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.