नईमचा प्रोग्राम आणि मलकापूरचा आकाराम

फुकटच्या गोष्टीवर आमच्या कोल्हापुरात कुणी विश्वास ठेवत नाही. त्यामुळे शहाण्णव साली नईम मोमीननं मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटची प्रणाली चढवली, तेव्हा आम्ही मित्रांनी त्याची भरपूर टर उडवली. "फुकटचं हाय, म्हंजी बिघडणार की," मी म्हणालो. तो हसला. "बिघडलं तर उघडून बघता येतंय. तुझं विकतचं येतंय काय?" पुढं दूध संघांची, फाउंड्रीवाल्यांची आकडेवारी त्यानं असल्याच फुकटच्या साधनांवर लावून दिली. गडी भित्रा कधीच नव्हता. तो भ्यालेला मी पहिल्यांदा पाहिला २००३ साली.

आमचं रक्तदात्यांचं छोटं मंडळ होतं. यादी गावोगावच्या शिबिरांतून जमलेली, तीच नावं पुन्हा पुन्हा आलेली. नईमनं प्रोग्राम लिहिला: नाव, आडनाव आणि गाव सारखं असेल तर दोन नोंदींची एक करायची. वडिलांच्या नावाचा रकाना बहुतेकांनी रिकामाच सोडलेला, म्हणून तो त्यानं धरलाच नाही.

एका संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. मनाली नावाच्या बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह, आणि रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नाही. यादीत एकच जवळचा दाता निघाला, जिल्ह्यातल्याच मलकापूरचा आकाराम पाटील. फोन केल्यावर बिचारा मोटारसायकल हाणत तासाभरात पोचला. बाही सारून खुर्चीत बसला. तपासणारी बाई म्हणाली, "हे तर बी पॉझिटिव्ह आहेत."

नईम पांढराफटक पडला. मी यादी पुढं धरली. "हितं तर ओ निगेटिव्ह लिहिलंय."

"ओ निगेटिव्ह व्हय?" आकाराम म्हणाला. "त्यो आमच्या चुलत्याचा आकाराम. आज्जा वारला आन् आम्ही दोघंबी त्याच साली जलमलो. मग दोघांस्नी आज्जाचंच नाव."

आमच्याकडं घरोघरी हेच. प्रोग्रामनं या दोन चुलतभावांचा एक माणूस केला होता. फोन ह्याचा ठेवला, रक्तगट त्याचा.

"त्यो कुठं हाय?" नईमनं विचारलं.

"हितंच की, उद्यमनगरात. कारखान्यात लेथ मशीनवर असतोय."

दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि आमचा तास वाया गेलेला! दुसरा आकाराम तेलकट हातांनीच धावत आला. त्याची पिशवी आणि मागाहून सांगलीहून आलेली एक, एवढ्यावर मनाली तगली.

दुसऱ्या दिवशी तिची सासू, शालूबाई, मंडळाच्या खोलीत येऊन नईमला हात जोडायला लागल्या. त्यानं त्यांना अडवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हंजी सून वाचली ती नशिबानं," त्या म्हणाल्या. "तुझ्या कॉम्प्युटरनं न्हवं."

"व्हय, मावशी."

"आनि किती माणसं अशी एकात एक घातलीस?"

"दोनशेच्या वर असतील. जुनी यादी हाय, एकेकाला इचारून सोडवायला लागंल."

"आन् तवर कुणाला रक्त लागलं तर?"

नईमनं यादी पुढं ओढली आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. वाजतच राहिला. आम्हा दोघांचाही हात पुढं होईना. शेवटी शालूबाईंनीच तो उचलला.