लसणाच्या रसाची प्लेट

माझी बायको हट्टीपणामुळे गेली, असं आमच्या घरात बोललं जातं. ते खरं नाही.

सोनागिरीला राहत असताना मी कारखान्याच्या पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. ती कडुनिंबाचा पाला, ओली हळद आणि लसूण तिळाच्या तेलात काळं होईपर्यंत कढवायची. कुणाला कापलं-खरचटलं की कुणीतरी हिंदी बोलणारी शेजारीण वाटी घेऊन दारात. "भाभीजी, तेल है क्या?" मी चिडवायचो, "डॉक्टरीणबाई, दारावर पाटी लावा आता." एकदा ती वैतागली. "अहो, तुमच्या लॅबमध्ये तपासा की एकदा! मग हसा."

मी तपासलं. जंतू पसरलेल्या काचेच्या प्लेटवर तेलात बुडवलेला कागदाचा तुकडा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जंतू कागदाच्या कडेपर्यंत वाढलेले. लसणातलं जे जंतूंना मारतं, ते कढवल्यावर उरत नाही. हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी कच्चा लसूण ठेचला आणि त्याच्या रसात भिजवलेला कागद दुसऱ्या प्लेटवर ठेवला. भोवती चांगला रुपयाएवढा स्वच्छ गोल उमटला. त्याचा मोबाइलवर फोटो काढून तिला दाखवला.

"हे बघ, तुझं तेल."

तिने तो फोटो साऱ्या गल्लीला दाखवला.

मी रिटायर झाल्यावर आम्ही त्याच शहरात, कोलार रोडला मुलीच्या जवळ राहायला आलो. बायकोला शुगर होती. नवीन चप्पल अंगठ्याला लागली आणि जखम चिघळली. मुलगी रोज म्हणायची, "आई, दवाखान्यात चल." ती म्हणायची, "लॅबमध्ये पास झालंय माझं तेल." मी शेजारीच पेपर वाचत होतो. मी पान उलटलं.

अंगठा काळा पडल्यावर तिला नेलं. आधी अंगठा कापला, मग पाऊल. तोवर विष रक्तात गेलं होतं. शुद्धीत होती तेव्हा मला म्हणाली, "या वेळी पाला जून मिळाला हो. माझंच काहीतरी चुकलं असेल तेलात."

मी म्हटलं, "असेल."

तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

गेल्या महिन्यात मुलीला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. हात थांबले.

"बाबा, मी आईला अडाणी म्हटलं होतं. तोंडावर."

"माहीत आहे."

"तुम्ही तिथेच होतात."

"होतो."

तिने परात बाजूला सारली आणि फोन माझ्या हातात दिला. "दादाला सांगा. दर श्राद्धाला तोही म्हणतो, आई हट्टीपणामुळे गेली."

मुलाला फोन लावला. तो गाडी चालवत होता. "बोला बाबा, पटकन."

पटकन सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून लिहून पाठवतो आहे. त्याला, आणि ज्यांनी ज्यांनी तिला हट्टी म्हटलं त्या सगळ्यांना.